कडुनिंबाचा बुडखा निघेल, पण खड्डा कशाने भरणार?

प्रश्न: इंदूरच्या राजेंद्रनगरमधलं आमचं घर १९८६ सालचं आहे, प्लॉट ३० बाय ५०. समोरच्या अंगणात मोठा कडुनिंब होता. तो विजेच्या तारांकडे कलला, म्हणून रीतसर परवानगी घेऊन दोन वर्षांपूर्वी तोडला. बुडखा मात्र तसाच आहे. वर २८ इंच, जमिनीलगत ३४ इंच रुंद आणि सव्वा फूट उंच. बुडख्याच्या मध्यापासून कंपाउंडची भिंत ५ फुटांवर आणि घराचा ओटला ९ फुटांवर. गेट ९ फुटी, आत शिरताच डाव्या हाताला नर्मदेच्या पाण्याचा हौद. दर पावसाळ्यात बुडख्याला दहा-बारा धुमारे फुटतात, छाटले की पुन्हा येतात. मुलाला तिथे गाडीसाठी पेव्हर ब्लॉक घालायचे आहेत. जेसीबीवाला म्हणतो, अर्ध्या तासात उपटून देतो. स्टंप ग्राइंडरवाला (मशीनने बुडखा खरवडून काढणारा) म्हणतो, खोदायची गरजच नाही. शेजारचे म्हणतात, भोकं पाडून मीठ आणि रॉकेल ओता. आईचं म्हणणं, गुढीला पाला घरचाच हवा, त्याच जागी नवा कडुनिंब लावा. शिवाय ओटल्याजवळच्या भिंतीला एक तिरकी भेग दिसते आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार.

काम ग्राइंडरवाल्यालाच द्या, पण ‘खोदायची गरजच नाही’ हे त्याचं म्हणणं मान्य करू नका. तुमच्याकडे थोडं खोदावं लागेल आणि तेही मशीन येण्याच्या आधी. मीठ-रॉकेलाचा विचार सोडून द्या. जेसीबी तर या अंगणात शिरूच देऊ नका.

इंदूरची जमीन म्हणजे माळव्याची काळी माती, बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात अंगणात बोटं जातील एवढ्या भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी चप्पल रुतते, हे तुम्ही दरवर्षी बघत असाल. अशा मातीत लाकूड काढणं फारसं अवघड नसतं. जपायचं असतं ते मागे राहणाऱ्या खड्ड्याला. खड्डा जेवढा मोठा आणि जेवढा सैल भरलेला, तेवढं पावसाचं पाणी त्यात उतरतं, तळाशी साचतं आणि आजूबाजूची माती फुगवत राहतं. घराच्या पायापासून ९ फुटांवर पाण्याची अशी वाटी तयार होऊ द्यायची नाही, हे धरूनच पुढचं सगळं ठरवायचं आहे.

जेसीबी नको, तो त्यामुळेच. बुडखा उपटायचा तर निदान साडेसहा फूट व्यासाचा आणि तीन फूट खोल खड्डा पडतो, म्हणजे जवळपास १०० घनफूट. तुम्हाला लागणारा खड्डा मूळ जमिनीपासून मोजला तरी २० घनफुटांचा आहे. शिवाय बकेट बुडख्याला हिसका देते तेव्हा मुळं तुटण्याआधी ओढली जातात. त्यातलं एखादं कंपाउंडच्या भिंतीखालून गेलेलं असलं तर भिंतीचा पाया हलतो, आणि ५ फुटांवरच्या भिंतीखाली कडुनिंबाचं मूळ गेलेलं असणारच. तिसरी गोष्ट, हे यंत्र साडेसात टनांच्या आसपास भरतं आणि तुमच्या गेटाच्या आत लगेच हौद आहे. १९८६ सालच्या हौदाचा स्लॅब इतकं वजन धरून बांधलेला नसतो.

मजूर लावून हातानेही बुडखा निघतो, आणि मशीन आत जातच नाही अशा बोळात तोच मार्ग उरतो. चारी बाजूंनी चर, टिकाव, पहार, कुऱ्हाड, शेवटी चेन-पुलीने ओढणं. पण खड्डा जेसीबीएवढाच मोठा पडतो, आणि चेन बांधायला माणसं भिंतीचा किंवा ओटल्याच्या खांबाचा आधार घेतात. ते कधीही होऊ देऊ नये.

मीठ ओतलं तर लाकूड कुजत नाही, माती मात्र बिघडते. सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरणं थांबतं, वरती कडक पापुद्रा धरतो, आणि जवळून गेलेली जुनी लोखंडी पाण्याची लाइन गंजते. रॉकेल मुळांपर्यंत पोचत नाही, पण मातीतून हौदाकडे पाझरू शकतं. काही जण बुडखा जाळायला सांगतात. जाड मूळ जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहतं आणि धग कुठे निघेल ते वरून कळत नाही, तेव्हा वस्तीत हा प्रकार नकोच. सोरा भरून बुडखा लवकर कुजवण्याची रीत आहे, कारण त्यातल्या नायट्रोजनवर बुरशी पोसते. पण ती मेलेल्या लाकडावर चालते, आणि तुमचा बुडखा अजून मेलेला नाही.

दोन वर्षं झाली तरी तो कुजत का नाही, याचं उत्तरही हेच आहे. दर पावसाळ्यात फुटणारे धुमारे मुळांना अन्न पुरवतात. तुम्ही छाटता, पण तोवर पानं महिना-दोन महिने उन्हात काम करून गेलेली असतात. त्यातून कडुनिंबाचा गाभा मुळातच टिकाऊ. तो आपोआप जाईल म्हणून वाट पाहिली तर अनेक पावसाळे जातील. गुलमोहराचं तसं नाही. त्याचं लाकूड हलकं, लवकर भुसभुशीत होतं, पण मुळं जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात आणि फरशा उचलतात. सुबाभूळ आणि नीलगिरी कडुनिंबापेक्षाही हट्टाने फुटतात. कुणाच्या दारात यांपैकी एखादा बुडखा असला तर पुढची रीत तीच, फक्त मुळांमागे किती जायचं हे बदलतं.

मशीन येण्याआधी

वेळ दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतची धरा. पावसाळ्यात मशीनची चाकं रुततात आणि चिकट माती दात्यांच्या चकतीला लपेटते. उन्हाळ्यात हीच माती दगडासारखी होते. मातीची मूठ वळून बघा. लाडू होतो पण हाताला लगदा चिकटत नाही, ही बरोबर अवस्था. पहार मारल्यावर टणत्कार येत असेल तर दोन-तीन दिवस आधी बुडख्याभोवती थोडं पाणी शिंपडून ठेवा.

खोली ठरवायची ती पुढे तिथे काय येणार त्यावरून. नुसती हिरवळ हवी असेल तर ६ ते ८ इंच पुरतात. तुम्हाला गाडी उभी करायची आहे. ६० मिलिमीटरचा पेव्हर ब्लॉक म्हणजे सुमारे अडीच इंच, त्याखाली दीड इंच चुरी (दगडाचा बारीक चुरा), त्याखाली ४ इंच ठोकलेली गिट्टी, असे ८ इंच झाले. या थराखाली लगेच लाकूड राहिलं तर ते कुजताना पोकळी होते आणि गाडीचं चाक बरोबर तिथेच बसतं. म्हणून आणखी ७ इंच लाकूड काढून तिथे मुरूम भरायचा. एकूण १५ इंच, आणि तेही सध्याच्या जमिनीपासून. बुडख्याच्या माथ्यापासून मोजलेले १५ इंच म्हणजे तुमच्या बाबतीत जमिनीच्या पातळीपर्यंतच काम झालं. भांडणं सर्वांत जास्त याच मुद्द्यावर होतात, तेव्हा ‘जमिनीपासून’ हा शब्द चिठ्ठीत लिहून घ्या.

हाताने ढकलायची, १३ ते १५ अश्वशक्तीची पेट्रोल मशीनं ९ ते १२ इंचांपर्यंत नीट जातात, त्यापुढे दमतात. म्हणून कामाचा क्रम उलटा करा. गाडीच्या जागेतली माती कुठल्याही परिस्थितीत ८ इंच काढायचीच आहे, मग ती आधीच हाताने काढून घ्या. मग मशीन ८ इंच खाली उभं राहील आणि त्याला फक्त ७ इंच जायचं उरेल. आणखी फायदा असा की माती काढताना दगड, विटांचे तुकडे, जाड मुळं आणि पाइप सगळं डोळ्यांना दिसतं. बुडख्याभोवतीच्या दोन फुटांत मातीत लपलेला एक दगड ग्राइंडरचे दोन-तीन दाते घेऊन जातो आणि खिडकीच्या काचेवर उडतो तो वेगळाच.

पाइपांचा शोध घ्या. नर्मदेची लाइन रस्त्याकडून हौदाकडे सरळच गेली असेल असं धरून चालू नका. जुन्या घरांत ती दुरुस्तीच्या वेळी झाडाला वळसा घालून नेलेली असते. हौदात जिथून पाणी पडतं तिथून मागे मागे, एक-एक फुटावर हाताने छोटी चीर खणत या. बाथरूमचं ड्रेनेज, मोटारची केबल, इंटरनेटची तार आणि पाइपाचा गॅस असेल तर त्याची पिवळी किंवा नारिंगी प्लास्टिकची नळी, यांतलं काय कुठून जातं ते चुन्याने आखून ठेवा. गॅसची नळी बुडख्याच्या आसपास आहे अशी शंका आली तर कंपनीच्या माणसाने जागा दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका.

माती काढल्यावर बुडखा जवळजवळ दोन फूट उघडा होईल. आता चेनसॉने तो नव्या पातळीच्या ३ इंच वर कापायचा. कापण्याआधी सालीवरची माती तारेच्या ब्रशने घासून पाण्याने धुऊन घ्या, कारण मातीने चेनसॉची धार पाच मिनिटांत जाते. खिळेही शोधा. अंगणातल्या झाडाला कपड्यांची दोरी, झोक्याची कडी, दिवाळीच्या माळांच्या तारा असं काहीबाही ठोकलेलं असतं आणि झाड ते पोटात घेऊन वाढतं. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजा. कापलेला तुकडा एकसंध ठेवला तर दोनशे किलोंच्या आसपास भरेल, म्हणून त्याच्या चार फाका करायला सांगा.

गेट ९ फुटी आहे, मशीनला अडचण नाही. ज्यांच्याकडे फक्त लहान फाटक आहे त्यांनी मशीनची रुंदी आधी विचारून घ्यावी. हौदाचं झाकण प्लास्टिकच्या जाड कागदाने झाकून बांधा आणि हौदाच्या स्लॅबवर मशीन उभं राहणार नाही हे बघा.

मशीन चालू असताना

ग्राइंडर म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे दाते बसवलेली फिरती चकती. ती लाकूड कापत नाही, खरवडते. त्यामुळे तिला घाई चालत नाही. चांगला ऑपरेटर बुडख्याच्या कडेपासून सुरुवात करतो, चकती इंचभर खाली उतरवून डावीकडून उजवीकडे फिरवतो, परत इंचभर खाली जातो. हवी ती खोली आली की चकती वर उचलून तीन-चार इंच पुढे सरकतो. एकदम मधोमध चकती दाबणारा माणूस शिकाऊ समजा. तसं केल्याने मशीन उसळतं. इंजिनाचा आवाज बसू लागला तर तो दाब कमी करतो की नाही तेही ऐका.

भुशाकडे लक्ष ठेवा. दाते धारदार असतील तर बोटाच्या पेराएवढ्या चिपा पडतात. पिठासारखी पूड पडू लागली आणि जळका वास आला तर दाते बोथट झाले आहेत. तेव्हा काम थांबवून दाते बदलायला किंवा फिरवून बसवायला सांगा. भुशाचा रंग पिवळसरचा काळा झाला की तिथे लाकूड संपून माती लागली.

रुंदी साडेचार फूट घ्या. बुडखा ३४ इंचांचा असला तरी त्याच्या कडेने मुळं जिथे फुटतात तो फुगार भाग आणखी दहा-दहा इंच जातो, आणि धुमारे येतात ते बहुतेक त्याच भागातून. नुसता मधला गोल काढून कडा सोडली तर पुढच्या आषाढात गोलाकार धुमारे फुटलेले दिसतील.

ओटल्याच्या आणि खिडक्यांच्या बाजूला प्लायवूडचे दोन ताव आडवे उभे करा. गाडी बाहेर काढा. मुलं, कुत्रं, सगळे घरात आणि दार बंद. ऑपरेटरच्या अंगावर चेहऱ्याची ढाल, कानाची मफ, जाड बूट आणि पायाला पिंढरीपर्यंत पट्टी नसेल तर काम सुरू होऊ देऊ नका. यात संकोच करू नका, त्याच्या दुखापतीचं ओझं तुमच्याही दारात येतं.

कडुनिंबाच्या एवढ्या बुडख्याला दोन ते तीन तास लागतात. जो अर्ध्या तासात संपवतो त्याने खोली चोरलेली असते. पैसे देण्याआधी तपासायची सोपी रीत आहे. भुसा बाजूला करून १२ मिलिमीटरची सळई दर ६ इंचांवर तळात ठोकून बघा. मातीत ती दाबली की जाते, लाकडावर टक् करून अडते. साडेचार फुटांच्या गोलात साठ-पासष्ट ठिकाणी ठोकावं लागतं, पण त्याला फार वेळ लागत नाही. लाकूड लागलं तिथे परत चकती फिरवायला सांगा.

राहिली आडवी मुळं. गाडीच्या जागेत, नव्या तळाच्या लगेच खाली ४ इंचांहून जाड मूळ दिसलं तर ते काढा, कारण कुजल्यावर तिथे नळी राहते. त्याहून बारीक मुळं सोडून द्या. भिंतीकडे जाणारं मूळ भिंतीच्या एक फूट अलीकडे करवतीने कापा आणि पुढचा भाग तसाच राहू द्या. तो भिंतीखालून ओढून काढला तर आज पोकळी होईल. सोडला तर हळूहळू कुजेल आणि माती बसत जाईल. कडुनिंबाच्या जखमी मुळाला नवा कोंब येऊ शकतो. आलाच तर मुळाशी धरून ओरबाडून काढा, छाटू नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे केलं तर दोन हंगामांत त्याची शिदोरी संपते. तणनाशकाचा सल्ला तुम्हाला मिळेलच. ताज्या कापावर लगेच लावलं तर ग्लायफोसेट मूळ मारतं हे खरं, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. बाटली आणून स्वतः लावू नका.

भुसा आणि खड्डा

इथे सर्वांत जास्त चुका होतात. मशीनवाला भुसा खड्ड्यातच लोटून, वरून पाय मारून, सपाट अंगण दाखवून निघून जातो. दिसायला छान दिसतं. पण भुसा कुजून बसतो, पावसाचं पाणी स्पंजासारखं धरतो, दुसऱ्या पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खाली जातात आणि वाळवीला आयतं घर मिळतं. म्हणून भुसा पूर्ण बाहेर काढायचा, तळाची काळी माती दिसेपर्यंत.

तो किती निघतो याचा अंदाज आधी घ्या. भरीव असताना ११ घनफूट असलेला ऐवज सुटा झाला की अडीचपट होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात सव्वा घनफूट मावतो, म्हणजे २० ते २५ पोती. ही पोती कोण उचलणार ते ठरावात असू द्या. भुशाचा उपयोग होतो. झाडांच्या आळ्यावर दोन-तीन इंचांचा थर द्या, खोडापासून वीतभर सोडून. मातीत मात्र कालवू नका. कच्चं लाकूड कुजवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. घराच्या भिंतीला टेकून ढीग लावू नका.

खड्डा वाळूने भरायचा नाही. सगळे मजूर वाळूच सुचवतात, कारण ती ठोकावी लागत नाही. पण चिकणमातीतल्या खड्ड्यात वाळू म्हणजे पाण्याची टाकी. पाणी झरझर आत जातं, बाहेर जायला वाट नसते. काढलेली काळी मातीही परत भरू नका. मुरूम घ्या, तोही नुसते खडे असलेला नव्हे तर थोडी चिकट माती मिसळलेला, मुठीत धरला की आकार राहील असा. हा न फुगता बसतो आणि पाणी अडवतो. तळाचे ७ इंच भरायला ठोकून ९ ते १० घनफूट मुरूम बसेल, म्हणजे सुटा १३ घनफूट आणा.

थर ४-४ इंचांचे. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं, चिखल होईल इतकं नाही, आणि दुरमुटाने ठोकायचं. बुटाची टाच दाबली तर खूण उमटू नये, तोवर ठोका. मग वरचा थर. एकदम सात इंच भरून वरून ठोकलं तर वरचे तीन इंच घट्ट होतात आणि खालचे सैल राहतात. हे बाहेरून दिसत नाही आणि वर्षभराने कळतं.

वर ४ इंच मिसळ गिट्टी, २० मिलिमीटरपासून चुरीपर्यंतची, तीही दोन थरांत ठोकून. उतार घराकडून गेटाकडे, दर फुटाला पाव इंच. तुमच्या ९ फुटांत सव्वादोन इंच होतो, डोळ्यांना फारसा जाणवत नाही आणि पाणी थांबत नाही.

इथे आमचा एक आग्रह आहे. पेव्हर ब्लॉक लगेच घालू नका. हा एक पावसाळा गाडी गिट्टीवरच उभी राहू द्या. बसायचं ते या चार महिन्यांत बसेल, खळगा पडला तर तगारीभर गिट्टी टाकून ठोकता येईल. पुढच्या दिवाळीला चुरी पसरून ब्लॉक घाला आणि कडेला काँक्रीटची पट्टी द्या, नाहीतर गाडीच्या वजनाने ब्लॉक बाजूला सरकतात. मुलाला नऊ ते बारा महिने थांबावं लागेल, पण ब्लॉक उखडून पुन्हा बसवण्याचा खर्च वाचेल. सिमेंट काँक्रीटचा एकसंध तळ मात्र इथे नको. खालची माती हलली की तो तडकतो. ब्लॉक उचलून नीट करता येतात.

भेग

तिरकी भेग आणि कडुनिंब यांचा संबंध असू शकतो. मोठं झाड उन्हाळ्यात आजूबाजूच्या काळ्या मातीतलं पाणी ओढून घेतं आणि ती आक्रसते. झाड गेलं की तीच माती हळूहळू पुन्हा पाणी पिते, फुगते आणि पाया वर ढकलते. चिकणमातीत पाणी सावकाश शिरतं, त्यामुळे हे काही वर्षं चालतं. बुडखा काढल्याने भेग बुजणार नाही आणि ग्राइंडरच्या हादऱ्याने ती वाढेल अशीही भीती नको. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, अंतर मिलिमीटरमध्ये मोजून शेजारी तारखेसह लिहा. मेच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या अखेरीस हमखास मोजा, कारण माती सर्वांत सुकी आणि सर्वांत ओली तेव्हाच असते. भेग ५ मिलिमीटरच्या पुढे असेल किंवा दोन मापांत वाढत चालली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हालचाल थांबेपर्यंत ती सिमेंटने बुजवू नका. ओटल्याच्या कडेने तीन फूट रुंद, बाहेरच्या दिशेने उताराची पट्टी करून घेतलीत तर पायाशी पाणी जाणं कमी होईल. त्या बाजूला गच्चीचा पाइप अंगणात उघडा पडत असेल तर आधी तो नालीपर्यंत न्या.

ओटल्याच्या जोत्यावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसतात का, तेही याच वेळी बघा. कडुनिंबाला वाळवी लागत नाही असं म्हणतात, ते गाभ्याबद्दल खरं आहे. सालीखालचं पांढरट लाकूड आणि मेलेली मुळं ती खाते. नळ्या दिसल्या तर खड्डा उघडा असतानाच पेस्ट कंट्रोलवाल्याकडून जोत्याची फवारणी करून घ्या. ब्लॉक घातल्यावर त्याला तिथे भोकं पाडावी लागतील.

महापालिकेच्या परवानगीचा कागद हाताशी ठेवा. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे आणि मशीनचा आवाज ऐकून कुणी चौकशीला आलं तर तोच दाखवायचा. त्या परवानगीत बदली झाडाची अट घातलेली असेल तर ती वाचा, म्हणजे आईंच्या इच्छेचाही मार्ग निघेल.

आईंचा कडुनिंब

त्यांची इच्छा योग्य आहे, जागा मात्र नाही. जुन्या मुळांच्या जाळ्यात, मुरूम ठोकलेल्या जागी रोप जोर धरणार नाही. आणि धरला तर वीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. बुडख्याचाच एक धुमारा वाढवायचा विचारही करू नका. असा धुमारा कुजणाऱ्या खोडाच्या कडेला चिकटलेला असतो आणि मोठा झाला की वादळात तिथूनच फाटतो. काळ्या मातीत कडुनिंब घरापासून निदान २० ते २५ फुटांवर हवा. तेवढं अंतर तुमच्या प्लॉटमध्ये कुठेच निघत नाही.

कॉलनीच्या बागेत किंवा मोकळ्या जागेत, तारांखाली नसलेला कोपरा बघून समितीच्या संमतीने लावा. खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, काढलेल्या मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत. रोप हातभर उंच असावं, पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली नसावीत. असतील तर लावताना ती उकलून पसरवा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा, बांबूचा आधार सैल बांधा आणि भोवती जाळी लावा, कारण गाई-शेळ्या सोडत नाहीत. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादली-दीड बादली पाणी. गुढीला लागते तेवढी डहाळी तिसऱ्या-चौथ्या पाडव्याला मिळेल. घराच्या अंगणात, भिंतीपासून सहा-सात फुटांवर, आईंसाठी पारिजातक लावा. तो दहा-पंधरा फुटांत राहतो आणि त्याची मुळं पायाला त्रास देत नाहीत. ग्राइंडरचा भुसा सहा महिने शेणाबरोबर कुजू दिलात तर त्याच्या आळ्यासाठी पुरेसा होईल.